काचेचा पेला आणि काचेची बांगडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी पोखर्णी येथे केलेले भाषण)



काच म्हटली की आपल्याला आधी बांगडी आठवते, पेला नंतर. नृसिंहाच्या दर्शनाला निघताना हातात काच हवी. पण सोवळ्याच्या स्वयंपाकघरात काचेच्या भांड्याला मात्र पुष्कळ घरी मज्जाव असे.

सिरिया, इजिप्त, इराणकडे निराळा प्रकार. सोन्याचांदीच्या भांड्यांतून खाऊपिऊ नये अशी पैगंबरांची शिकवण, त्यामुळे सधन घरांतही काचेच्या पेल्याला नि सुरईला मान. वाळू आणि खाऱ्या झुडपांची राख भट्टीत वितळवायची, लोखंडी पोकळ नळीच्या टोकावर गोळा घ्यायचा आणि फुंकायचे. साबणाचा फुगाच म्हणा ना! मग भांडे सावकाश निववायचे. घाई केली की तडकलेच. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत त्यावर सोनेरी व रंगीत मिन्याचे काम होऊ लागले.

तुर्कस्तानच्या किनाऱ्याशी इ. स. १०२५ च्या सुमारास एक गलबत बुडाले. १९७७ ते १९७९ मध्ये त्याचे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे तीन टन काच निघाली आणि ती बहुतेक फुटकी! फुटकी काच लवकर वितळते, सरपण वाचते, म्हणून तिचाही व्यापार. कुणा गृहिणीच्या हातून निसटलेले पेलेही त्यात असतीलच की. संशोधकांनी वर्षानुवर्षे खपून तुकड्यांतून शेकडो भांडी जुळवली. ती बोडरुमच्या संग्रहालयात आहेत.

आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ साली उत्खनन केले. बहामनी काळाच्या थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडले. बांगडी फुंकून होत नाही, ती वितळलेल्या काचेला वळण देऊन करतात. पण भट्टीची विद्या तीच.

आपण बांगडी ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. इतका जपून उच्चार करणारे आपण, नवरा गेलेल्या बाईच्या हातातली काच मात्र चारचौघींदेखत फोडतो! फुटक्या काचेचीसुद्धा किंमत राखणारे ते व्यापारी मला इथे आठवतात.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगितले. हा विषय आपल्या महिला ग्रामसभेपुढे यावा, असे पत्र मी आज अध्यक्षीणबाईंकडे दिले आहे. खाली सह्यांना जागा ठेवली आहे.