वणवा फेब्रुवारीत, पैसा कधी?
(बुलढाणा जिल्हा मेळाव्यातील भाषण)



15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याच्या कागदावरचा वणव्याचा हंगाम. नेमकी तेव्हाच आपली कडब्याची गंजी उभी असते, पऱ्हाटी धुऱ्यावर रचलेली असते. ज्ञानगंगेच्या जंगलात गवत पेटलं की वारा अभयारण्याची हद्द पाहत नाही. 2019 साली टिपेश्वरचा वाघ चालत ज्ञानगंगेत आला. गळ्यात पट्टा होता, सरकारला त्याचं पाऊलन् पाऊल ठाऊक. आपल्या गंजीला पट्टा नाही!

जाळरेषा हंगामाआधी काढाव्या लागतात, पहाऱ्याचे मजूर पहिल्या दिवसापासून लागतात. पण सरकारचं वर्ष 31 मार्चला, ऐन वणव्यात संपतं. कात्री लागते ती मजुरीला. मजूर काही मुंबईत जाऊन ओरडत नाही. केंद्राच्या वणवा योजनेत 100 पैकी 60 रुपये दिल्लीचे, 40 राज्याचे. 2024 मध्ये उत्तराखंड जळत होतं, तेव्हा सुप्रीम कोर्टात काय निघालं? मागितले 10 कोटी, मिळाले 3 कोटी 15 लाख, आणि वनखात्याची माणसं निवडणुकीच्या कामाला!

म्हणून ठराव असा: मजुरीचा पैसा जानेवारीतच वनपरिक्षेत्र कार्यालयात पोचला पाहिजे आणि पहाऱ्याला जंगलालगतच्या गावांतलीच पोरं घेतली पाहिजेत. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत.