भिंतींतील पावसाची ओल : शोध आणि उपाय

गोदावरीकाठचे कोपरगाव अहिल्यानगर जिल्ह्यातील पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. पाऊस बेताचा, म्हणून घर बांधताना त्याचा विचार येथे सहसा मागे पडतो. तथापि वाऱ्याबरोबर आलेली एखादी जोरदार सरही पश्चिमेकडील भिंत भिजवून जाते. शिवाय या भागातील काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. पायाखालची ही हालचाल भिंतीपर्यंत पोचते; दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात आणि पाण्याला वाट मिळते.

ओल दिसताच आतून रंगाचा हात देणे, ही नेहमीची चूक होय. त्याने डाग झाकला जातो; पाणी थांबत नाही. पुढील वर्षी पोपडे सुटतात आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

प्रथम ओलीचा प्रकार ओळखावा. जमिनीपासून वर चढलेला, बारमाही पट्टा बहुधा जोत्यातून आलेल्या ओलीचा असतो. न्हाणीलगत उन्हाळ्यातही न सुकणारा डाग गळक्या नळाचा असू शकतो. सरीनंतर उमटणारा आणि उघडीप मिळताच सुकू लागणारा डाग मात्र पावसाचा समजावा. त्याची कड पेन्सिलीने आखून तारीख लिहून ठेवावी.

पाणी शिरते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. म्हणून बाहेरून डागाच्या पातळीपासून वरपर्यंत भिंत तपासावी. चौकटीभोवतीची फट, छज्जा व भिंत यांचा सांधा, कठड्याचा माथा आणि तुंबलेली पन्हळ ही मुख्य ठिकाणे होत. ठोकल्यावर बद्द आवाज देणारा गिलावा पोकळ समजावा. एवढ्याने उलगडा न झाल्यास कोरड्या दिवशी नळीने पाणी सोडून पाहावे. सुरुवात खालून करावी, प्रत्येक जागी 10 ते 15 मिनिटे थांबावे आणि एकाने आतून लक्ष ठेवावे. वरून सुरुवात केल्यास ओघळाने सारी भिंत भिजते व नेमकी फट कळत नाही. तत्पूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावा.

चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवावी. ती तडकली, तर भिंत अजून हलत आहे. अशा वेळी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. स्थिर चीर छिन्नीने रुंद करून, धूळ काढून व भिजवून 1:4 प्रमाणाच्या सिमेंट-वाळूने भरावी आणि किमान 7 दिवस पाणी मारावे. चौकटीभोवती लवचिक सीलंट टिकते. छज्जाला बाहेर ढाळ द्यावा आणि खालच्या बाजूस कडेलगत खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता खाली ठिबकते.

मातीच्या जुन्या भिंतींची गोष्ट वेगळी. सिमेंटचा गिलावा मातीला नीट धरत नाही आणि आत ओल कोंडते. तेथे चुन्याचा गिलावा बरा. भिजलेली मातीची भिंत फुगली किंवा कलली, तर डागडुजीची वाट न पाहता ते घर त्याच दिवशी रिकामे करावे. अशी भिंत रात्री झोपेत कोसळली, तर कुटुंबाला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही.

ही सर्व कामे मृग नक्षत्रापूर्वी उरकावीत. उन्हाळ्यातील चार दिवसांची मेहनत पावसाळाभर घर कोरडे आणि घरातील माणसे निर्धास्त ठेवते.