आधी अन्न, मग उपदेश

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका दरिद्री माणसाची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटीच बुद्धांच्या दर्शनास आला. भोजन आटोपूनही तथागत त्याच्यासाठी मौन धरून थांबले होते. त्यांनी प्रथम उरलेले अन्न त्याला वाढावयास सांगितले. तो तृप्त झाल्यावरच उपदेश केला आणि त्यास स्रोतापत्तिफल, म्हणजे निर्वाणमार्गावरील पहिली सिद्धी, लाभली. भिक्षूंत कुजबुज झाली, तेव्हा भुकेची पीडा असता धर्म आकळत नाही, असे बुद्धांनी समजाविले. उरुवेलेस देह झिजवून ज्यांनी अखेर अन्न स्वीकारले, त्यांच्या अनुभवाचेच हे बोल होत. उपाशी श्रोत्यास धर्म सांगण्यापूर्वी त्याचे पान मांडावे, हाच या कथेचा बोध.