चारी फुटली की फोडली?

(पिंपळवंडी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा अंश)

मंडळी, उन्हाळी आवर्तनात रात्रीतून चारीचं पाणी भलत्याच वावरात शिरलं, की सकाळी पहिला वाद क्रियापदावरून होतो. एक म्हणतो, चारी फुटली. दुसरा म्हणतो, फोडली. पहिल्या वाक्यात माणूसच नाही. दुसऱ्यात नाव घेतलं नाही तरी कोणीतरी आहे, आणि तो कोण हे ऐकणाऱ्यांना बरोबर कळतं.

फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, पडणं-पाडणं. आपल्याकडे अशा जोड्यांची रेलचेल. स्पॅनिशमध्ये फुटायला नि फोडायला धातू एकच, ‘रोम्पेर’. ‘रोम्पी एल वासो’ म्हणजे मी ग्लास फोडला. चुकून फुटला असेल, तर तिकडचा माणूस सहसा म्हणतो, ‘से मे रोम्पिओ एल वासो’. ‘से’ आला की ग्लास आपला आपण फुटतो. ‘मे’ म्हणजे ‘मला’. क्रियापद माणसाला सोडून ग्लासाच्या मागे जातं. ग्लास अनेक असले, तर ‘रोम्पिएरॉन’.

मराठीत या खुणेचा उपयोग नाही. ‘मी बरणी फोडली’ म्हटलं तरी क्रियापद बरणीच्याच मागे. शाळेत आपण त्याला कर्मणी प्रयोग म्हणालो. ‘माझ्या हातून बरणी फुटली’ हा मात्र चक्क कर्तरी! बरणी कर्ता, आणि लोणच्याच्या तेलाने बुळबुळीत झालेला आपला हात पंचमीत, अपादानाच्या जागी. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. पण ही सोय आपल्या आज्यांना त्याआधीपासून तोंडपाठ होती.

त्या ‘मे’चं आणखी एक आहे. ‘से मे मुरिओ एल पेर्रो’, म्हणजे माझा कुत्रा मेला. इथे हात कुणाचाच नाही, दुःख तेवढं माझं. त्यामुळे ग्लासाच्या वाक्यातही हात माझा सुटला की नुकसान माझं झालं, हे प्रसंगावरून ओळखायचं. आपण दोन्ही वेगळं सांगतो: ‘माझ्या हातून तुमची बरणी फुटली.’ शिवाय ‘कडून’ आहेच. गाय सुटून शेजाऱ्याच्या कांद्यात गेली, तर ‘आमच्याकडून दावं सैल राहिलं’ म्हणतात. इथे ‘हातून’पेक्षा ‘कडून’ जास्त शोभतं, कारण हात निसटला नाही, लक्ष राहिलं नाही.

आता गंमत बघा. सत्काराला उत्तर देतानाही आपण म्हणतो, ‘माझ्या हातून गावाचं थोडंफार काम झालं.’ इथे अपघात कसला? वर्गण्या गोळा केल्या, तालुक्याला खेटे घातले, सगळं ठरवून. तरी रूप तेच. कर्तेपण अंगावरून उतरवायची ही वारकरी मुलखाची सवय असावी, असं मला वाटतं. फक्त ती दोन्हीकडे सारखी चालत नाही. कामाचं श्रेय सोडलं, तर लोक टाळ्या वाजवतात. बरणीच्या बाबतीत शेजारीण म्हणते, ‘हातून फुटली ना? मग नवी आणून द्या.’