रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?



किराणा दुकानात तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ असं ठळक छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. खोटं नाही ते, पण त्यात कौतुकासारखंही काही नाही. शेंगदाणा घ्या, करडई घ्या, अगदी पामतेल घ्या. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. ते दूध, तूप, अंडी, मटण अशा प्राणिज पदार्थांत असतं. शिवाय आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही. ते शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा.

ते लागतंही. पेशींची आवरणं, पित्त, कितीतरी हार्मोन्स त्याच्यापासून तयार होतात. अडचण होते ती जादा झालेलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू लागलं की. एरवी यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर हे एलडीएल रक्तातून ओढून घेतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांनी हे रिसेप्टर शोधले आणि 1985 साली त्यांना नोबेल मिळालं. काही घराण्यांत हे रिसेप्टर जन्मतःच कमी असतात किंवा नीट काम करत नाहीत. म्हणून ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, अंगानं सडपातळ, मग मला कोलेस्टेरॉल कसं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा आईवडिलांच्या रक्तात असतं.

मग पथ्य सोडायचं का? मुळीच नाही. पण पथ्य कशाचं, हे कळायला हवं. अंड्याच्या बलकावर सगळा राग काढून बेकरीतली खारी आणि नानकटाई बिनघोर खाणारे पुष्कळ आहेत. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की यकृताचे रिसेप्टर कमी होतात. लोणी, तूप, खोबरेल, पामतेल यांत ती भरपूर असते. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारनं 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे चांगलंच झालं. आपल्याकडे आणखी एक दुखणं आहे: ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी जास्त आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, भाताचे ढीग आणि दारू यांचा हात असतो. उपवासाचा साबुदाणाही याच पंगतीतला, हे ऐकून कुणी रागावू नये. याउलट कडधान्यं, जव आणि इसबगोल एलडीएल थोडं खाली आणतात. थोडंच, बरं का. नुसत्या पथ्यानं बहुतेकांचं ते फार उतरत नाही.

तिथे स्टॅटिनची गोळी लागते. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि 1973 साली एका बुरशीतून या गटातलं पहिलं औषध वेगळं काढलं. ही गोळी यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखते. मग यकृत जास्त रिसेप्टर तयार करून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. योग्य मात्रेत ते तीस ते पन्नास टक्के किंवा त्याहूनही जास्त कमी होतं.

आता खरी गोष्ट. तीन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस गोळी बंद करतो. अहो, तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो! यकृताचा कारखाना बंद पडलेला नसतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा जिथल्या तिथे. आणि दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांनी आपल्या मनानं गोळी सोडणं तर फारच धोक्याचं. त्यांचं एलडीएल सत्तरच्या खाली, काहींचं त्याहूनही खाली ठेवावं लागतं.

स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. एक स्टॅटिन न सोसलेल्या बऱ्याच जणांना दुसरी गोळी सोसते. गर्भार असाल किंवा तसा विचार असेल, तर तेही आधीच सांगा.

शेवटी एक विनंती. तुमच्या वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर स्वतःची तपासणी करून घ्या. आणि तुमचं एलडीएल 190 च्या वर निघालं, तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही प्रयोगशाळेत घेऊन जा. मुलं शाळकरी असली तरीसुद्धा.