मेलँकली आणि डिप्रेशन



आज दोन इंग्रजी शब्द ऐकू या.
मेलँकली... आणि डिप्रेशन.
दोन्ही उदास मनाचे. पण उदासी एकसारखी नाही.

मेलँकली हा शब्द मूळचा ग्रीक.
त्याचा अर्थ... काळं पित्त.
हे पित्त वाढलं, की माणूस खिन्न होतो,
असं जुने ग्रीक वैद्य मानत.
पित्त खवळलं, असं आपणही म्हणतो.
मात्र आपलं पित्त रागाचं... त्यांचं दुःखाचं!

१६२१ साली रॉबर्ट बर्टन या इंग्रज लेखकाने
याच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला.
तेव्हा मेलँकली हा आजारच समजला जाई.
पुढे कवींना हा शब्द आवडला.
जॉन कीट्सने तर त्यावर कविता केली.
आता रोजच्या इंग्रजीत मेलँकली म्हणजे
तिन्हीसांजेला दाटून येणारी हुरहुर.
तिच्यात थोडी गोडीही असते.

डिप्रेशनमध्ये ती गोडी नाही.
हा शब्द लॅटिनमधून आला. अर्थ... खाली दाबणं.
दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, मन दबलेलं राहतं.
झोप बिघडते. भूक बिघडते.
आवडीच्या कामातही जीव रमत नाही.

पुन्हा सांगते.
मेलँकली ही मनाची अवस्था.
डिप्रेशन हा आजार... आणि त्यावर उपचार आहेत.

दोन गुण कमी पडले, की मुलं म्हणतात, ‘डिप्रेशन आलंय.’
हे मला खटकतं.
खऱ्या रुग्णाचं दुखणं त्यामुळे हलकं वाटू लागतं.

घरात कुणाचं मन असं बरेच दिवस दबलेलं असेल,
तर टेलिमानस या सरकारी सेवेला फोन करा.
ती मोफत आहे.
क्रमांक लिहून घ्या...
१, ४, ४... १, ६.