‘नंतर’ म्हणू नका



माझे आजोबा इगतपुरीला रेल्वेत फायरमन होते. १९३० पासून कसारा घाट विजेच्या इंजिनानं चढायचा; इगतपुरीला इंजिन बदललं की त्यांच्या काळी भुसावळकडे वाफेचंच राज्य.

१९९७ साली ‘फेअरी क्वीन’ पुन्हा रुळावर धावली. १८५५ मध्ये लीड्सला बांधलेलं इंजिन! आजोबांनी पेपरातला फोटो दाखवला, म्हणाले, “बस गं, भट्टी कशी लावायची ते सांगतो.” माझा दुसऱ्या दिवशी थर्मोडायनॅमिक्सचा पेपर होता. “नंतर सांगा, आजोबा.” ते नंतर कधी आलंच नाही.

पुढे कामानिमित्त ब्रिटनला गेले. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेनं १९५१ साली सुरुवात केली. तेव्हापासून तिथे हौशी माणसं बिनपगारी जुन्या गाड्या चालवतात. अशाच एका स्टेशनात एक म्हातारा ड्रायव्हर सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला शिकवत होता: कोळसा ढिगानं टाकू नको, पातळ पसर, काचेच्या नळीतल्या पाण्यावर लक्ष ठेव. माझे डोळे भरून आले. ही विद्या आमच्या घरात होती.

सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं. प्रोग्राम चालू असतो, लिहिणारा केव्हाच गेलेला असतो; बिघडला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आपल्यापैकी कुणाचे वडील रेल्वेत होते, कुणाचे नोटांच्या प्रेसमध्ये, कुणाची आई द्राक्षबागेत. जे आहेत, त्यांच्याजवळ या दिवाळीत बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. पेपर असला तरी.